ड्रायव्हरचं जेवण

"अहो, उठा आता! विमान जाईल," बायको म्हणाली.

"जातंय कुठं?" उस्तादांनी टोस्टला सावकाश लोणी लावलं. "ड्रायव्हर जेवतोय तोवर गाडी हलत नाही."

उस्तादांची अख्खी हयात लांब पल्ल्याच्या बस चालवण्यात गेली होती. डेपोत त्यांना सगळे उस्तादच म्हणत. वाटेतल्या थांब्यावर त्यांचा शेवटचा घास पोटात गेल्याशिवाय गाडी सोडायला लावायची कुणाची टाप नव्हती. आज मात्र ते स्वतः प्रवासी होते. लेकीला मुलगी झाली होती आणि नातीचं तोंड बघायला दोघं जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते. म्हणून विमानतळावरच्या या उपाहारगृहात शिरताच त्यांनी सगळा अनुभव पणाला लावला. कोपऱ्यात गणवेशातला एक मिशाळ वैमानिक ऑम्लेट खात होता. तो नजरेत राहील असं टेबल उस्तादांनी पकडलं आणि ते निर्धास्त झाले.

"पण तो आपल्याच विमानाचा कशावरून?"

"चेहरा बघ ना. लांब पल्ल्याचा माणूस मला ओळखू येतो."

बायकोने कपाळाला हात लावला. शेजारच्या टेबलावर स्वेटर घातलेली एक तरुण मुलगी हसू दाबत सूप पीत होती. नुसतं सूप! बायकोला राहवेना.

"एवढ्यावर कसं भागेल गं? हे घे, माझे बटाटे घे."

"नको काकू, निघायचंय मला."

"आम्हालाही निघायचंय, पण हे बघ कसे ठिय्या मारून बसलेत! खा तू. अंगावर मूठभर मांस नाही."

मुलीने घड्याळ पाहिलं, बटाटे पाहिले आणि काटा उचलला.

इकडे वैमानिकाने कॉफी मागवली, उस्तादांनीही मागवली. त्याने केक घेतला, त्यांनीही घेतला. ड्रायव्हर उठला की लगेच उठता यावं म्हणून बिलही देऊन ठेवलं. अखेर वैमानिकाने मिशा पुसल्या आणि बॅग उचलली.

"चल!" उस्ताद उठले. पण वैमानिक गेटकडे न वळता बाहेरच्या दरवाजाकडे निघाला.

"साहेब घरी चालले," वेटर टेबल पुसत म्हणाला. "ड्युटी संपली की इथं खाऊनच जातात."

उस्तादांची पाचावर धारण बसली. न पाहिलेली नात डोळ्यांपुढे आली. "मेलो! गेली गाडी! सात नंबरचं गेट, पळ!"

"मीही सातवरच चाललेय," मुलगी म्हणाली. "सावकाश चला काका, तसं निघत नाही ते."

"तुला काय कळतंय पोरी? सुटलेली गाडी कुणासाठी थांबत नाही!"

एका हातात बाळाच्या झबल्यांची पिशवी, दुसऱ्या हातात बायकोचं मनगट, अशी वरात धावत सुटली. मुलगी लांब ढांगा टाकत बरोबर येत होती. गेटवर पोचून बघतात तर माणसं रांगेत निवांत उभी.

गेटवरची बाई उस्तादांच्या मागे बघत म्हणाली, "आलात मॅडम? तुमचीच वाट बघतोय."

मुलीने स्वेटर काढला. खांद्यांवर सोनेरी पट्टे चमकले. उस्तादांनी वासलेला आ काही मिटेना.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बायको पुटपुटली.

"पण नियम बरोबर आहे हं तुमचा, काका," मुलगी हसत म्हणाली. "चला, ड्रायव्हरचं जेवण झालंय."

"आणि तेही माझ्या ताटातून!" बायको म्हणाली, आणि नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेत पुढे निघाली.