शून्याच्या वर

शिंत्रे काकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते आमच्या घराच्या भिंतीला गाल लावून, डोळे मिटून उभे होते.

दोन हजार चारचा ऑक्टोबर होता. डेट्रॉइटच्या उपनगरात, नोव्हायला घर घेऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. समोरच्या घरातले एक मराठी काका शेंगाचटणीची बाटली घेऊन आले, म्हणून मी कौतुकाने चहा टाकला. नवं घर दाखवायचं तर आधी किचन आणि मग बेसमेंट, असा इथला शिरस्ता. काकांनी किचनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाण्याचे पाइप कुठून येतात, एवढं विचारून ते थेट गॅरेजमागच्या युटिलिटी रूममध्ये शिरले. वॉशिंग मशीन, ड्रायर, एक सिंक आणि बाहेरच्या भिंतीतून गेलेले पाइप, एवढाच त्या खोलीचा संसार. आधीच्या मालकाने ती मागाहून जोडून घेतली होती, त्यामुळे घराचं हीटिंग तिथवर पोचलंच नव्हतं. मी कप घेऊन गेले, तर काका असे उभे.

"हात खोटं बोलतो," ते डोळे न उघडता म्हणाले. "गाल खरं सांगतो. जानेवारीत पाणी गोठून हिचे पाइप फुटणार."

काका मूळचे सोलापूरचे. म्हणजे जिथे स्वेटर घालायला निमित्त शोधावं लागतं, तिथले. नोकरी मात्र त्यांनी तीस वर्षं डेट्रॉइटजवळ एका गाड्यांच्या कंपनीत केली, आणि तीही कोल्ड रूममध्ये. उणे तीस अंशांत गाडी गारठवून ठेवायची, मग ती सुरू होते का आणि आत बसलेल्या माणसाचे पाय किती मिनिटांत गरम होतात, ते मोजायचं. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही. तेवढ्यात आम्ही आमच्या गारठलेल्या खोलीसकट त्यांच्या समोर राहायला आलो.

त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या खोलीची ट्रीटमेंट सुरू झाली. पाइपांना फोमचे पायमोजे चढले. सिंकखालच्या कपाटाची दारं कायमची उघडी. घरातून खोलीत जाणारं दारही उघडं, त्यामुळे ड्रायरची घरघर ऐकत आम्ही जेवायचो. पारा फार उतरला की नळाची धार पेन्सिलीच्या शिशाइतकी सोडायची. त्याहून जाड सोडली की पाणी वाया, बारीक सोडली की उपयोग नाही, असं ते धारेशेजारी पेन्सिल धरून दाखवायचे. थर्मामीटर त्यांनी स्वतःचा आणला, सेल्सियसचा, आणि टांगला जमिनीपासून वीतभर उंचीवर. का, तर पाइप तिथे आहेत. "तुझ्या नाकाला काय वाटतं ते पाइपाला विचारून काय करायचंय?"

रोज संध्याकाळी साडेसहाला बेल वाजायची. काका बूट काढून सरळ आत जायचे, गाल लावायचे, गुडघ्यांवर बसून आकडा वाचायचे आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात, चतुर्थी-एकादशीच्या शेजारी, दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीने तो लिहायचे. मग जाहीर करायचे, "शून्याच्या वर आहोत." त्यानंतर आल्याचा चहा. हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की समीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ग्रीन कार्ड अडकलं तेव्हा त्यांनी "शून्याच्या वर आहे ना प्रकरण?" असं विचारलं. आमच्या इराला एकशे दोन ताप चढला तेव्हाही सवयीने "वर आहे ना, मग झालं" म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

चार वर्षांची इरा त्यांच्या शेजारी उभी राहून भिंतीला आपलाही गाल लावायची. "काका, इज द वॉल सिक?"

"नाही गं बाळा. नुसती थंडी वाजतेय तिला."

मला थोडं हसू यायचं आणि थोडी चीडही यायची. ऑफिसातून येऊन स्वयंपाकाला लागावं, तर खोलीची तब्येत बघायला डॉक्टर हजर. पण त्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या दोन घरांचे पाइप फुटले आणि आमचे फुटले नाहीत, हेही खरं.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मुलगा दूर वाळवंटी मुलखात, चँडलरला. बाबा, इकडे या, ऊन आहे, स्विमिंग पूल आहे, असं तो दर रविवारी फोनवर सांगायचा. काका आम्हाला ते ऐकवायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. "अरे, तिथे पाणी गोठतच नाही. मी करू काय?"

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या वर्षी, एकाहत्तर वर्षांचा हा माणूस रोज बर्फावरून येतो आणि एखाद्या दिवशी पडेल, या काळजीने समीरने गुपचूप माणूस बोलावला. घराच्या हीटिंगचा डक्ट त्याने दोन दिवसांत युटिलिटी रूमपर्यंत वाढवला आणि जमिनीलगत एक झरोका बसवला, वर छोटी झडप. जानेवारीचा पहिला आठवडा होता. काकांना खूश करायचं म्हणून आम्ही काही बोललो नव्हतो.

काका आले. गाल लावला. डोळे उघडले. थर्मामीटर अठरा दाखवत होता.

"छान झालं," ते म्हणाले. "हेच करायला हवं होतं." बूट घातले आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी मी त्यांच्या चटणीच्या बाटलीत मेतकूट भरलं, रिकामी कशी परत करायची, आणि समोर गेले.

हॉलमध्ये खोकी भरून ठेवली होती. काका त्यांच्या युटिलिटी रूममध्ये होते. इतकी वर्षं आमच्या खोलीची उठाठेव करणाऱ्या या माणसाची स्वतःची खोली मी तोवर पाहिली नव्हती. ती घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा ऊबदार होती. भिंतींना आतून जाड लायनिंग, कडेने हीटर, खाली सतरंजी, मशीनपाशी उशी ठेवलेलं स्टूल. खुंटीला एक जांभळा बायकी कोट.

मी कोटाकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"हा घालून ती कपड्यांच्या घड्या करायची. घरात, कोट घालून. दर ऑक्टोबरला म्हणायची, अहो, इथे जरा गरम करा ना. मी म्हणायचो, या वीकएंडला करतो." त्यांनी स्टुलावरची उशी सरळ केली. "तीस वर्षं लोकांचे पाय गरम केले, मीनल. हे केलं ते ती गेल्यावर. दीड दिवस लागला."

मला रडू आलं. ते लपवायला मी खोक्यांचं विचारलं.

"चँडलरला हो म्हटलंय. पुढच्या महिन्यात जातो. तुमची खोली आता ठीक आहे."

घरी येऊन मी सरळ झरोक्याची झडप बंद केली आणि घरातून खोलीत जाणारं दार लावून घेतलं. समीर म्हणाला, वेडी आहेस का. मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोर फोन केला.

"काका, थर्मामीटर तीनवर आलाय."

ते पाच मिनिटांत आले, बुटांच्या नाड्याही न बांधता. गाल लावला, गुडघ्यांवर बसले, आकडा वाचला. मग त्यांची नजर झडपेवर गेली.

"मॉम क्लोज्ड इट," इराने सांगून टाकलं.

मी दाराला धरून उभी राहिले. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठ्याने झडपेची कळ सरकवली आणि मध्येच थांबवली.

"अर्धीच ठेवायची," ते म्हणाले. "पूर्ण उघडली तर भिंत फार सुकते. फक्त रोज बघावं लागेल."

कॅलेंडरावरची पेन्सिल अजून दोऱ्याला लटकत होती. आजच्या चौकोनात त्यांनी तीन लिहिला. मागचे चौकोन कोरे होते, त्यांवरून बोट फिरवलं.

"मुलाला कळवतो, यंदा जमत नाही म्हणून," ते म्हणाले. "चहा टाक. आलं जरा जास्त घाल."