नाखव्याचं कारंटीन

आमच्या गावात पहिलं पाऊल ठेवायच्या आधी मला जीभ दाखवावी लागली होती. कुणा डॉक्टरला नव्हे. ओळख ना पाळख अशा एका म्हाताऱ्याला, भर किनाऱ्यावर, पडावातल्या सगळ्या खलाशांसमोर.

ह्यांची बदली दिघीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावरच्या जकात कचेरीत झाली होती. मी किहीमची. रेवदंड्याहून आगबोट, आगबोटीतून पडाव, पडावातून गुडघाभर पाणी, असं करत, कडेवर माझी लेक कुसुम, अशी किनाऱ्याला लागले. डोकं अजून बोटीतच गरगरत होतं. समोर पाहते तो दोन माडांच्या मध्ये काथ्याचा दोर ताणलेला, दोरावर पिवळं फडकं बांधलेलं, आणि दोरामागे तुर्की टोपी नि मेंदीनं रंगवलेली दाढी.

"बाय, थांब. कंच्या मुलखातनं?"

"किहीमहून."

"म्हंजे इंग्रजी मुलूख. जीभ दाव."

गाव संस्थानी हद्दीतलं होतं हे खरं, पण किहीमला कुणी परमुलूख म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला न्यायला दोराशी आलेल्या ह्यांच्याकडे मी पाहिलं. हे पुढे होऊन म्हणाले, "चाचा, ही माझी बायको."

"व्हय. पर बायकोला जीभ हाय ना?"

ह्या एका प्रश्नावर हे पुढे कितीतरी वर्षं हसत होते. मी नव्हते हसत. माझी जीभ पसंत पडली, पण कुसुमचं नाक वाहत होतं. म्हाताऱ्यानं दोराच्या आतल्या एका खोपटाकडे बोट दाखवलं नि म्हणाला, "पयला कारंटीन, मंग सलाम!"

हे हुसेन नाखवा. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा आणि मागे 'कारंटीन' म्हणायचा. एके काळी त्यांचं स्वतःचं गलबत होतं. बसरा, अदन, झंजिबार असं फिरून ते म्हातारपणी घरी येऊन बसले होते, एकटेच. धक्क्यापासून गावात जाणारी वाट त्यांच्या माडाच्या वाडीतून जायची, म्हणून दोर बांधायला त्यांना कुणाचा बाप अडवू शकत नव्हता. आमचे हे जकातीचे कारकून, खुर्चीवर बसणारे, शिक्क्याचे मालक. पण माणूस किनाऱ्याला लागला की आधी चाचांची जकात, मग सरकारची.

खोपटाचं मात्र मला नवल वाटलं. बाहेरून नुसतं झावळ्यांनी शाकारलेलं, पण आत सारवलेली जमीन, धुतलेल्या चटया, पाण्याचा रांजण, आणि दोन टोकांना दोन चुली.

"ती तुमच्या लोकांची, ही आमच्या," चाचा दोरापलीकडून म्हणाले. "गलबतावर बी तशाच असतात. बाटायचं भ्याव नको." मग एका दगडावर तांदूळ, डाळ, नारळ असा शिधा ठेवून ते दहा पावलं मागे सरकले आणि किहीमला सध्या कोणकोणते आजार आहेत याची चौकशी करू लागले. हे दोराबाहेर ताटकळत उभे. कुसुमचं नाक थांबेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, मी नव्या गावात नव्या घराबाहेर संसार केला.

एखाद्याला गाण्याची समज असते तशी चाचांना कारंटीनची, म्हणजे साथीच्या भीतीनं माणसाला वेगळं ठेवण्याची, होती. कुठल्याही देशाचं नाव घ्या, तिथला राजा कोण हे त्यांना ठाऊक नसे, पण तिथं माणसाला कसं अडकवतात हे ते रंगून सांगत. "अदनला धुरी देतात. खोकून खोकून आजार बी पळतो, मानूस बी पळतो. बसऱ्याचं कारंटीन झकास. खजूर देतात. एक बंदर हाय, नाव घेत न्हाय, तिथं बसवतात नि इसरतात." दुसऱ्या कुणी सासुरवाडीचं कौतुक सांगावं तसे हे सांगताना त्यांचे डोळे चमकत.

आणि हा छंद नुसता सांगण्यापुरता नव्हता. एकदा अलिबागहून वऱ्हाड आलं. नवरदेवाचा आवाज घोगरा निघाला. चाचांनी अख्खं वऱ्हाड दोरामागे बसवलं. मुहूर्त टळायची वेळ आली, मुलीचा बाप हातापाया पडला, तेव्हा नवरदेवाला दोराच्या आत नि नवरीला दोराबाहेर उभं करून दोरावरूनच माळा घालायला लावल्या. माझ्या माहेरच्या ट्रंकेला त्यांनी कडुनिंबाची धुरी दिली, तर माझ्या शालूला वर्षभर वैदूच्या झोळीचा वास येत होता. मी चिडून म्हटलं, "चाचा, शालूला ताप येतो का?" ते गंभीरपणे म्हणाले, "शालू घातलेलीला येतो."

बरं, हा माणूस ढोंगी म्हणावा तर तेही नाही. ते स्वतः एकदा साक्षीसाठी अलिबागच्या कोर्टात गेले होते. परत आले ते सरळ खोपटात जाऊन बसले, आणि ठरलेले दिवस भरेपर्यंत स्वतःला बाहेर सोडलं नाही. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतंच. जेवण मलाच दगडावर नेऊन ठेवावं लागलं. वर माझ्याच आमटीला नावं!

पण खरा वैताग संध्याकाळचा. ह्यांच्याकडे टपालानं वर्तमानपत्र येई. कचेरीच्या पडवीत हे ते मोठ्यानं वाचत, आणि चाचा, किराणा दुकानाचे जेठाभाई, सुकी मासळी विकून परतणारी चांगुणा कोळीण असे सगळे जमत. त्या वर्षांत कुठे साता समुद्रापलीकडे निरनिराळ्या देशांची माणसं एकत्र बसून खल करत होती म्हणे, की साथ आली तर देशांनी बंदरं बंद करावी, की बोटी येऊ द्याव्या आणि एकमेकांना तारेनं खबर द्यावी. त्यांचा खल संपला असेल. आमच्या पडवीतला संपला नाही.

"तार करून काय व्हतंय?" चाचा म्हणत. "तारेनं काय जीभ दिसते?"

"अरे भाई, बंदर बंद तो धंदा बंद," जेठाभाई म्हणत. "साथ आवे छे ने जाय छे. गिऱ्हाईक एक वार गेला की गेला."

"आनि आमी खावाचा काय?" चांगुणा टोपली आपटून विचारी. "बंदर बंद केलंस तं माजी मासली तुज्या दाढीला बांधू का रं नाखव्या?"

हे मध्यस्थी करत. म्हणजे म्हणत, "वरून हुकूम आल्याशिवाय यात काहीच करता येत नाही."

"हुकूम येस्तवर मानूस मरतो, साहेब. मुलूख म्हंजे काय, मोठं गलबत. आजारी खलाशी येगळा ठिवला न्हाय तं सगळं गलबत बुडतं."

असे सगळे देश मार्गी लागेपर्यंत माझी आमटी चुलीवर आटत असे. एकदा मी दारातून ओरडले, "इंग्लंडचं काय ठरलं असेल तर पानं घेऊ का?" चाचा म्हणाले, "थांब बाय, जपान ऱ्हायलंय."

आणि मग एका चैत्रात मुंबईहून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, बातमी आली. आधी वर्तमानपत्रात, मग दिघीला उतरलेल्या माणसांच्या तोंडून. वादाची चव एकदम बदलली. पडवीत कुणी थट्टा करेना. गावची सभा भरली आणि सगळ्यांनी एका तोंडानं ठरवलं, की बाहेरची एकही होडी किनाऱ्याला लागू द्यायची नाही. सगळ्यात मोठ्यानं बोलत होते ते जेठाभाई. "बंद एटले बंद!" हे नेहमीप्रमाणे हुकुमाची वाट पाहत होते, पण त्यांनीही मान डोलावली. तरण्या पोरांनी काठ्या घेतल्या. चाचा त्या दिवशी नव्या नवरदेवासारखे फिरत होते. इतकी वर्षं ज्यांनी चेष्टा केली ते आता त्यांना विचारून पाऊल टाकत होते. मला तर त्यांची ऐट पाहवेना.

दोन-तीन दिवसांनी दुपारच्या भरतीला मुंबईकडून एक मचवा आला. त्यात आमच्याच गावची माणसं होती, गोदीत काम करणारी, जीव घेऊन घरी परतलेली. पोरांनी काठ्या उगारल्या. मचव्यातून कुणीतरी ओरडलं, की आत पारूला उलट्या होतायत.

पारू चांगुणेची लेक. चांगुणा किनाऱ्यावर होतीच. "माजी पोर हाय त्या मचव्यान!" म्हणत ती पाण्यात धावली, तिला दोघांनी धरून ओढलं. मचवा आणखी थोडा पुढे सरकला. तेवढ्यात कुणीतरी दगड भिरकावला. तो मचव्याला लागला नाही, अलीकडे पाण्यात पडला.

चाचा माझ्यापासून हाकेच्या अंतरावर उभे होते. दगड पाण्यात पडल्याबरोबर त्यांचं तोंड असं झालं, जणू तो त्यांनाच लागला. ते तसेच पाण्यात शिरले, लुंगी भिजवत कमरेपर्यंत गेले आणि मचव्याचा दोर हातात घेऊन ओरडले, "उतरवा त्येंना!"

किनाऱ्यावर एकच गोंधळ उडाला. हे ओरडले, "चाचा, बंद करा असं तुम्हीच म्हणत होतात ना?"

"कारंटीन म्हनत व्हतो. बंद कवा म्हनलो?"

"फरक काय त्यात?"

"कारंटीनला छप्पर असतं, साहेब. चूल असते. बंदला काय असतं?"

मला संताप आला. घरात माझी कुसुम होती. मी सगळ्या पुरुषांसमोर विचारलं, "आणि दुखणं गावात आलं म्हणजे, चाचा?"

"म्हनून तर दोर हाय, बाय," ते म्हणाले. "आनि दोराच्या आत मी हाय."

त्यांनी पारूला पाठीवर घेतलं. बाकीची मागून आली. दोराच्या आत गेल्यावर चाचा मागे वळले आणि त्या तसल्या वेळीही काठ्या घेतलेल्या पोरांना म्हणाले, "आता इकडं लक्ष ठिवा. आतला कोनी बाहेर आला, मी आलो तरी, काठी हाना."

मग सुरू झाला आमचा छळ. चाचा आतून हुकूम सोडायचे आणि गाव धावायचा. पाणी उकळून आणा. खड्डा विहिरीपासून लांब खणा. कपडे धुऊ नका, जाळा. सरपण, चुना, जुनेर. मी तांदळाची पेज दगडावर ठेवून यायची, तर पलीकडून आवाज, "बाय, मीठ कमी हाय!" मीठ घालून नेली, तर "आता तांदूळ लई, पातळ कर!" एका दुपारी तिसऱ्यांदा परत पाठवली तेव्हा पातेलं घेऊन मी दोराशी उभी राहून रडले, रागानं. आत चाचा पारूच्या तोंडात चमच्या-चमच्यानं पाणी घालत होते. चांगुणा दोराबाहेर वाळूत बसलेली. ती घरी गेलीच नाही. चाचा मधून मधून तिला ओरडून सांगत, "डोळं उघडलं गं!" कधी नुसतंच, "हाय, हाय."

संस्थानचे डॉक्टर आले, विहिरींत जांभळं औषध पडलं, आम्हा सगळ्यांच्या दंडांना टोचण्या झाल्या. मचव्यातला एक म्हातारा गेला. पारू वाचली. उठली तेव्हा चिपाडासारखी झाली होती, पण आपल्या पायांनी दोर ओलांडून आईकडे गेली. गावात एकालाही पटकी झाली नाही.

जेठाभाईंनी पडवीत भाषण केलं, की आमच्या नाखव्याला साता समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या सभेत पाठवायला पाहिजे. चाचा भाषणाला आलेच नाहीत.

मला माझं पातेलं हवं होतं. दुपारी वाडीत गेले, तर ते एकटे खोपटाच्या कुडाला आतून चुना लावत होते. इतक्या दिवसांचा माझा राग अजून उतरला नव्हता. म्हटलं, "चाचा, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना घोर लावलात. एका दगडावरून एवढं? लागलाही नव्हता कुणाला."

ते कुंचला फिरवत राहिले.

"मानमोडीच्या साली," ते म्हणाले, "बसऱ्याहून आलो. गलबतावर ताप. माजा धाकटा भाऊस कासम, त्याला बी. हितंच, त्या खडकाच्या आत नांगर टाकला. घर दिसत व्हतं. लोक किनाऱ्यावर दगड घेऊन."

मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, तापात आमच्या किहीमलाही घरटी माणूस गेलं होतं. मी विचारलं, "कुठले लोक?"

"हितलेच. ठाव हाय मला कोन कोन व्हते. सलाम करतो की रोज. भ्याले, त्येंचं बी काय चुकलं? आनि उतरवून ठिवनार कुठं? जागाच न्हवती."

मी खोपटाकडे पाहिलं. दोन चुली, रांजण, धुतलेल्या चटया.

"आई किनाऱ्यावर येऊन बसायची," चाचा म्हणाले. "कासम गायचा. लई गोड गळा. सांजचं तिला ऐकू जाईल असा गायचा, म्हंजे तिला कळावं पोरगा बरा हाय. मंग एक दिस दुपारी तो गेला. सांज झाली. आई आपली बसलेली. मी काय करू, बाय? मी गायलो."

मी चुन्याची बादली त्यांच्या हाताशी ठेवली.

"माजा आवाज हा असा, फुटक्या घागरीचा. तरी गायलो. उतरू देईस्तवर रोज गायलो."

"त्यांना कळलं नाही?"

"ठाव न्हाय. उतरलो तवा ती कासमला हुडकत पुढं गेली न्हाय. माज्यापाशी आली. बोलली, तुजा गळा बसलाय, गरम पानी पी." त्यांनी कुंचला चुन्यात बुडवला. "त्या गान्याचं परत कवा काय बोलली न्हाय. मी बी इचारलं न्हाय."

बाहेर भरतीचं पाणी वाडीच्या दगडी गडग्यापर्यंत आलं होतं. मी नकळत कुडाकडे सरकले असेन.

"टेकू नको, बाय," चाचा खेकसले. "चुना वला हाय."