कारखान्यात उरलेली नळी

या उद्योगात आमच्या साडूला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक म्हणजे सासऱ्यांची जुनी मोटरसायकल फुकटात. मग सासऱ्यांची मर्जी, जी लग्नापासून त्याच्याकडे फिरकलीच नव्हती. शिवाय मेहुणीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, नजरेत बढती. आणि सर्वांत मोठी कमाई म्हणजे थोरला जावई म्हणून मिरवणाऱ्या माझं नाक खाली! एवढ्या कमाईसाठी खर्च काय, तर त्याचे रविवार. त्याच्या रविवारांना तसंही बाजारात गिऱ्हाईक नव्हतं.

माझा हिशेब मात्र त्याहून पक्का होता!

सासरेबुवा वजनमापे निरीक्षक. निवृत्त झाले, पण फक्त कचेरीतून. घरात अजूनही दुधाचं पातेलं डोळ्यांच्या रेषेत धरून गवळ्याचा निकाल लावतात. तरुणपणी घेतलेली त्यांची मोटरसायकल मागच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभी असे आणि तिच्याखाली कायम तेलाचं डबकं. याउलट सासूबाईंचं कोरं वॉशिंग मशीन खोक्यासकट स्वयंपाकघराच्या दारात अडकलेलं. आत जायचं तर पोट आत घ्यावं लागे. मला तर तेही जमत नसे.

एकदा जेवताना सासूबाईंनी सहज सुचवलं, "आपल्याला मुलगा नाही. जावयांपैकी कुणाला तरी देऊन टाका ना ती गाडी."

"देऊन टाकायला ती रद्दी आहे का?" सासरे गरजले. "जो तिची गळती थांबवेल, त्याची गाडी! खाली पांढरी चादर अंथरायची, इंजिन चालू करायचं, माझी दाढी होईपर्यंत बंद करायचं नाही. एक थेंब पडला की नापास!"

"मी करतो, बाबा!" साडू ताटावरून उठलाच.

मी जेवत राहिलो. मी काय मूर्ख आहे? जावई दोनच! तो नापास झाला की घासूनपुसून, रंगवून तयार झालेली गाडी आपसूक माझ्या दारात. घाम त्याचा, गाडी माझी, आणि माझ्या शर्टाला डागसुद्धा नाही!

तो नापास होणार यात शंका नव्हती. नवा जावई असताना हा सासऱ्यांच्या घड्याळाला किल्ली द्यायला गेला होता आणि किल्लीच हातात घेऊन परत आला होता. तेव्हापासून त्या घरात त्याला कुणी बाटलीचं झाकणही उघडू देत नसे.

पहिल्याच रविवारी त्याने इंजिन खोलून पुन्हा जोडलं आणि मूठभर बोल्ट माझ्यासमोर धरले.

"एवढे उरले, साडूभाऊ! गाडी हलकी होणार!"

"वा!" मी म्हणालो आणि मनातल्या मनात गाडीला कोणता रंग शोभेल ते ठरवू लागलो.

गाडी चालू झाली आणि गळती दुप्पट! मग बोल्ट परत गेले. मग त्याने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सांध्यांत घातला, वर बाळाला पावडर फासावी तसा सीलंट फासला. वरून बंद केलं की खालून गळे, खालून बंद केलं की बाजूने. नातेवाइकांच्या रुसव्यासारखं, एकाची समजूत काढली की दुसरा फुगलेला!

पण एका रविवारी गेलो तर जमीन कोरडी. माझ्या घशालाही कोरड पडली. गळती थांबली होती!

"फक्त एक राहिलंय," साडू म्हणाला. "ही नळी बघा. इंजिनाच्या पोटातून निघते आणि कुठेच जात नाही, नुसती लोंबते. हिच्यातून मधूनच एखादा थेंब येतो. तुम्ही अनुभवी माणूस. तुमचं काय मत?"

इथेच माझा घात झाला. त्या घरात माझं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. पंखा किती वेगाने फिरावा, यावरसुद्धा नाही! मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी चष्मा पुसला, नळीला टिचकी मारली आणि डॉक्टरासारखा हुंकार दिला.

"बूच मारा."

"पण नळी दिलीय म्हणजे कशाला तरी असेल ना?"

"कारखान्यात उरली असेल! दिली लावून."

त्याने इतक्या भक्तिभावाने पाहिलं की मलाही चेव आला. औषधाच्या बाटलीचं रबरी बूच मीच शोधून आणलं, मीच ठोकलं, वरून तारही मीच आवळली. आपलं काम चोख!

अर्ध्या वाटेत आल्यावर डोक्यात उजेड पडला. गधड्या, जिंकवलंस की त्याला!

परीक्षेच्या रविवारी चादर आमच्या घरून गेली. कोरी, पांढरीशुभ्र, घडीही न मोडलेली. माझ्या बायकोला वडिलांच्या कामाला जुनी वस्तू चालत नाही. खिडकीला आरसा टांगून सासऱ्यांनी तोंडाला फेस लावला. साडूने किक मारली. इंजिन असं गुरगुरू लागलं की जणू पोटभर जेवून झोपलेलं मांजर.

एक गाल झाला. चादर कोरी. दुसऱ्या गालावर वस्तरा टेकला. चादर कोरी! सासरे खाली वाकले, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "धाकटे, शाब्बास!"

साडूचे डोळे भरून आले. मेहुणीने माझ्याकडे वळून पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"जरा वाढवा आवाज!" सासरे रंगात आले. "काय घुमायची हो ही!"

साडूने मूठ पिळली. आतून शिंक दाबल्यासारखा आवाज आला. मग तेलाचं झाकण उडून थेट छताला लागलं आणि बुटांच्या खोक्याने सगळ्या सांध्यांतून एकदम राजीनामा दिला! चादर काळी, भिंत काळी, सासऱ्यांच्या तोंडावरचा फेस काळा. दचकून वस्तरा सरकला आणि अर्धी मिशी चादरीवर पडली. एक थेंब कसला! निरीक्षकसाहेबांना लिटरचं माप आणावं लागलं असतं.

इंजिन बंद पडलं. सगळीकडून ठिबकत होतं. कोरडी जागा एकच होती, माझं बूच!

"हे इंजिनाचं नाक आहे!" सासरे ओरडले. "आतली हवा इथून बाहेर पडते. नाक कुणी दाबलं?"

साडू हळूच म्हणाला, "साडूभाऊंनी मत दिलं होतं, बाबा."

"मत?" सासऱ्यांनी डोळ्यांतलं तेल पुसून मला नीट पाहिलं. "थोरल्यांना मत आहे?"

एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण हिशेबाची खोड! तोंडातून निघून गेलं, "म्हणजे नियमाप्रमाणे धाकटे नापासच ना?"

"अगदी बरोबर! धाकटे नापास, गाडी थोरल्यांची. आत्ताच्या आत्ता उचला!"

तेवढ्यात दारात प्लंबर. "बाई, दहाला बोलावलं होतंत. कोपरा झाला का रिकामा?"

"होतोच आहे," सासूबाई म्हणाल्या आणि मोजपट्टी घेऊन कोपऱ्याकडे निघाल्या.

"आई, यांना कधी सांगितलंत?" मी विचारलं. "कोण जिंकणार ते तरी कुठे ठरलं होतं?"

"मला काय करायचंय कोण जिंकतं?" त्या म्हणाल्या. "दोघांपैकी इथे कोण राहतं?"

तर वसुली अशी झाली. सासऱ्यांची अर्धी मिशी गेली, उरलेली त्यांनी स्वतःच काढली. साडूचे रविवार गेले, पण शाब्बासकी मिळाली ती मिळालीच. बायकोची चादर गेली, तिची भरपाई माझ्याकडून रोज चालू आहे. सासूबाईंचं काहीच गेलं नाही. कपडे छान निघतात म्हणे. आणि माझ्या पुढच्या खोलीत, सोफ्याच्या जागी, एक मोटरसायकल उभी आहे. तिच्याखाली आमची कणीक मळायची परात.

परवा साडू आला. स्वच्छ शर्ट, मागे हात. वाकून पाहिलं आणि त्याच भक्तिभावाने विचारलं, "साडूभाऊ, आता कुठून गळत असेल? तुमचं काय मत?"

मत माझ्याकडे होतं. पण बायको ते रबरी बूच हातात घेऊन समोरच उभी होती.