रिकाम्या उंबरास वेढा पडला त्याची हकिकत

श्री. पाखरांस पंख आणि किड्यांस पाय ज्याने दिले तो जो कोणी असेल त्यास प्रथम दंडवत. आणि डोळे असोन ज्यांनी त्यांकडे फक्त तोफा लाविल्या त्यांस दंडवत नाही, हे आरंभीच लिहोन ठेवितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदेपासोन फाल्गुन सरेतोवर एका राज्यात जे जाले ते लिहिले आहे. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा लिहिणाराने गोड लिहावे ऐसे कोणी म्हणो नये.

राज्य कोणते, तर नाव लिहीत नाही. लिहिले तर उद्या तेथे गाड्या उभ्या राहतील. नगराबाहेर बाजार समितीचे मागे वीटभट्टी होती, ती बंद पडली, माती काढलेला खड्डा राहिला, त्यात पाणी साचले, भोवती करंज, उंबर, बाभूळ वाढली आणि घाणेरीची जाळी माजली, आणि नगरपालिका त्यास डबके म्हणो लागली. परंतु पाहणाराने पाहिले तर तेथे मोठी पातशाही नांदत होती. कोतवालसाहेब तारेवर बसोन चौकी करीत आणि घार आली तर तिचे पाठीवर चोची मारोन सीमेपार घालवीत. खंड्या किल्लेदार मोडक्या नळावर ठाणे देवोन राहत. टिटवीबाई काही जाले तरी आणि काही न जाले तरी बोंब मारीत. आणि सातभाई दिवसभर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढीत आणि सांज जाली म्हणजे एकाच फांदीवर अंगास अंग लावोन निजत, जे माणसांच्या भाऊबंदकीत आम्ही कधी देखिले नाही. पाण्यावर चतुरांचे घोडदळ फिरे, लव्हाळ्यावर टाचण्या, म्हणजे चतुरांच्या सडसडीत धाकट्या बहिणी, निळ्या पोषाखात उभ्या असत, आणि करंजाच्या पानाआड ढालकिडे ढाली पाठीवर टाकोन पडलेले असत. या बारीक फौजेच्या जिवावर वरचे सारे सरदार जेवत होते. परंतु बारक्यांचे नाव कोण घेतो.

आता माणसे. दर रविवारी या राज्यात पक्षीप्रेमी मंडळाची स्वारी येई. अध्यक्ष जयवंतराव फडतरे, सिमेंटचे व्यापारी, त्यांचे कॅमेऱ्यास हातभर लांब नळी, तीस सर्व तोफ म्हणत. उपाध्यक्ष डॉक्टर माणगावकर, दातांचे, स्वभावे मऊ, आणि जेथे बोलावयाचे तेथे हमखास गप्प. आणि मालतीबाई ढवण, भूगोल शिकवोन निवृत्त जालेल्या, त्या मात्र किडे पाहत. मंडळात पाखरे पाहणारा वरच्या पंगतीस आणि किडे पाहणारा चपलांपाशी, ऐसा भेद होता. मालतीबाई चिखलात गुडघे टेकोन एखाद्या भुंग्याकडे पाहत असल्या म्हणजे फडतरे पाठीमागोन हाक देत, "ओ किडेमॅडम, जरा सांभाळून, तुमची प्रजा माझ्या बुटाखाली मेली बघा!" आणि बाई मान वर न करता म्हणत, "प्रजा मेली तर तुमचे राजे काय खातील, फडतरे? सिमेंट?" मग सर्व हसत, आणि हसोन पुन्हा तेच करीत.

मंडळाची आणिक एक रीत येथे लिहितो, कारण पुढील सारे कारण तिजवर आहे. स्वतः शोधावे ऐसी वहिवाट नाही. एकाने दुर्बीण जेथे लाविली तेथे बाकीच्यांनी लावावी, आणि मग विचारावे की काय आहे. डॉक्टर एकदा बाभळीत अडकलेली पांढरी पिशवी बगळा समजोन पाहत राहिले, आणि उभ्या मंडळाने त्या पिशवीवर तोफा डागिल्या, आणि दोघांनी तर ती मोबाईलवरील मंडळाच्या ग्रुपात बगळा म्हणोन टाकिलीही.

वैशाखाचे अखेरीस राज्यात स्वर्गीय नर्तकाचे जोडपे आले. नर अंगाने पांढरा स्वच्छ, डोके काळे, तुरा उभा, आणि शेपटीच्या दोन फिती हात हात लांब, मादी तांबूस. ते घरटे कोठे करितात याचा शोध मंडळास लागला नाही. मालतीबाईंस लागला, आणि तो पाखरामागे जाऊन नव्हे. त्या एका चतुरावर नजर ठेवोन बसल्या होत्या, तो नर्तकाने येऊन तो चतुर उचलिला, आणि बाईंनी चिडोन चोर कोठे जातो ते पाहिले, तो करंजाच्या लवलेल्या फांदीस, पानांच्या दाट छपराखाली, वाटीएवढे घरटे, आणि त्यात पिलांच्या उघड्या चोची. बाईंनी ही गोष्ट फक्त लेखकास, म्हणजे आम्हांस, सांगितली आणि म्हणाल्या, "हे बघा, तोंड शिवून घ्या. एकदा कळलं की संपलं. मी आयुष्यभर पोरांना नकाशे शिकवले, पण हा नकाशा कुणाला द्यायचा नाही." आणि आम्ही शपथ वाहिली.

परंतु दैव कसे पाहा. बाईंनी त्या आठवड्यात लव्हाळ्यावरील एका टाचणीचे चित्र काढिले आणि ग्रुपात टाकिले. वर्षभर त्या किड्यांची चित्रे टाकीत होत्या आणि वर्षभर त्यांकडे कोणी ढुंकोन पाहिले नव्हते. या खेपेस फडतऱ्यांनी पाहिले. टाचणी पाहिली नाही, तिचे मागे, वरचे कोपऱ्यात, धूसर करंजात एक पांढरी फीत लोंबत होती ती पाहिली, आणि लिहिले, "वा मॅडम! कोपऱ्यात काय लोंबतंय? उद्या सकाळी सगळे हजर!" बाईंच्या डोळ्यांपुढे टाचणीशिवाय काही नव्हते, म्हणोन त्यांस ती फीत दिसली नव्हती. चित्र त्यांनी लागलेच पुसिले. परंतु पुसोन काय होते?

दुसरे दिवशी सकाळी फौज आली. तिवया रोविल्या, तोफा चढविल्या, आणि फडतरे म्हणाले की पाने आड येतात, आणि पिशवीतोन झाडकात्री काढिली. मालतीबाई पुढे जाहल्या. म्हणाल्या, "फडतरे, हात खाली घ्या."

"मॅडम, दोन डहाळ्या. झाड काय मरतंय?"

"झाडाचं बोलत नाही मी. ती पानं म्हणजे त्यांचं छप्पर आहे. तुमच्या घराचा पत्रा काढून फोटो काढू का मी?"

"काढा की! पण आमच्या घरात एवढी देखणी मंडळी नाहीत हो!"

आणि मंडळ हसले. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर चष्मा पुसोन म्हणाले, "मालतीताई, फार ताणू नका. जयवंतराव मंडळाला नव्या दुर्बिणी देणार आहेत." लेखकाने आडवे होऊन डहाळी धरिली, तेव्हा दोघा पक्षीप्रेमींनी दंडास धरोन बाजूस केले, आणि डहाळ्या पडल्या, आणि दोन म्हणता म्हणता भोवतालच्या साऱ्या पडल्या. मग घरटे हातावर ठेविल्यासारखे उघडे जाले, आणि दिवसभर तोफा चालल्या, आणि नर चोचीत चारा घेऊन येई आणि माणसे पाहोन माघारी जाई, आणि ज्येष्ठाचे ऊन उघड्या अंगाच्या पिलांवर पडत राहिले. सायंकाळी मंडळ भरल्या पोटाचे माणूस जाते तैसे गेले. मग कावळा आला. दुसरे दिवशी आम्ही जातो तो वाटी रिकामी. आणि नर एक चतुर चोचीत धरोन तिचे काठावर उभा होता, आणि आत पाही, आणि इकडे पाही, आणि पुन्हा आत पाही, तो चतुर कोणास द्यावा हे त्यास समजेना. मालतीबाई परत येता एवढेच म्हणाल्या, "माझ्या टाचणीनं केलं हो हे."

बखरी लिहिणारे हा खून कावळ्याचे नावे लिहितील. आम्ही लिहीत नाही. कावळ्याने पोट भरिले, तो त्याचा धर्म; त्यास वाट कोणी दाखविली, छप्पर कोणी उडविले, ते आम्ही नावानिशी वर लिहिले आहे. आणि जो म्हणतो की माझे पाखरांवर प्रेम आहे, त्यास आमचा रोकडा सवाल आहे, की बाबा, तुझे प्रेम नसते तर ती पिले आज उडत असती की नाही? वैऱ्याने या राज्याचे इतके वाईट केले नाही. वीटभट्टीवाल्याने माती नेली आणि पाणी तरी दिले. तुम्ही काय दिले?

असो. आषाढ लागला, आणि जोडप्याने दुसरे घरटे धरिले. ही खबर पुन्हा मालतीबाईंसच आधी लागली: पाण्यापलीकडे, घाणेरीच्या जाळीचे पोटात. आणि मंडळासही वास आलाच, कारण नर दिसत होता. फडतऱ्यांनी ग्रुपात लिहिले की घरटे शोधल्याविना राहणार नाही. लेखक संतापोन म्हणाला की काठी घेऊन जाळीपाशी बसतो. बाई म्हणाल्या, "खुळे आहात का? तुम्ही काठी घेऊन बसलात की सगळ्या नगराला कळेल घरटं कुठं आहे. उद्यापासून फक्त एक करा. मी जिकडे बघेन तिकडे बघायचं, आणि तोंड दगडासारखं ठेवायचं."

आणि बाईंनी काय मसलत केली, तर पहाटे येऊन, जाळीकडे पाठ करोन, अलीकडील काठावरच्या उंबराकडे दुर्बीण लाविली. उंबरात काहीही नव्हते. रविवारी मंडळ आले, आणि बाई ऐशा टक लावोन उभ्या पाहोन फडतरे चवड्यांवर चालत येऊन कुजबुजले, "मॅडम, तिथंच ना?" बाई दचकल्यासारखे करोन म्हणाल्या, "मी कुठं काय म्हणाले? मी मुंग्या बघतेय." इतके पुरे जाले. फडतरे मागे वळोन डोळा घालोन बोलिले, "मुंग्या म्हणे!" आणि उंबरास वेढा पडला.

ऐसा वेढा कोणी देखिला नसेल. पाऊस कोसळे, आणि तोफांस प्लास्टिकच्या पिशव्या घालोन, डोक्यावर इरली घ्यावी तैसे रेनकोट घेऊन सरदार उभे. कामधंदा सोडोन अधल्यामधल्या दिवशीही पहारे लाविले. कधी पांढरा नर डोक्यावरोन जाई, तेव्हा डॉक्टर हळूच म्हणत, "आला, आला, आता आत शिरेल," आणि सारे श्वास धरीत, आणि नर त्यांचे पाठीमागे पाण्यापार जाई, आणि मागे वळोन कोणी पाहत नसे, कारण मालतीबाई वळत नव्हत्या. एकदा फडतरे कात्री घेऊन उंबरावर चढलेही, आणि तांबड्या मुंग्यांनी त्यांस ऐसे घेरिले की सदऱ्याची बटणे तोडीत खाली आले. बाई म्हणाल्या, "सांगितलं होतं ना, मुंग्या बघतेय म्हणून."

परंतु एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या साऱ्या दिवसांत बाईंनी जाळीकडे एकदाही पाहिले नाही. ज्या घरट्यासाठी त्यांचा जीव तिळतिळ तुटे, त्याकडे पाठ करोन रिकामा उंबर पाहत त्या भिजल्या, आणि खोकला धरिला. पिले निघाली की नाही, मेली की जगली, हे विचारावयास कोणी नव्हते. श्रावणात एके सकाळी, मंडळ नसता, नळाशेजारच्या फांदीवर आखूड शेपटीची दोन तांबूस पोरे अंग फुगवोन बसलेली आढळली, आणि मादी आली आणि एकीचे चोचीत चतुर कोंबिला, पंखांसकट. मालतीबाई म्हणाल्या, "खा गं बाई. माझ्या फौजेतला आहे, पण खा."

मग भाद्रपद गेला, आश्विन गेला, नर्तक दक्षिणेस गेले, थंडीचे धोबी पक्षी काठावर शेपट्या हालवीत आले, आणि पौषात नगरात चित्रांचे प्रदर्शन जाले. तेथे प्रथम पारितोषिक जयवंतराव फडतरे यांस. चित्र ज्येष्ठातील तेच: उघड्या फांदीस वाटी, पिलांच्या चोची वासलेल्या, वर नर. आणि खाली नाव लिहिले होते, 'वात्सल्य'. लेखकाचे हात शिवशिवले. पाहुणे उठले, शाल काढिली, टाळ्या जाल्या, आणि मालतीबाई मधल्या रांगेतोन उभ्या राहोन म्हणाल्या, "एक विचारायचं आहे. हा करंज आहे. ज्येष्ठात करंज पानांनी मढलेला असतो. या फोटोत एकही पान कसं नाही?"

डॉक्टर म्हणाले, "मालतीताई, आनंदाचा प्रसंग आहे." फडतरे शाल सावरोन म्हणाले, "फोटोत पसारा नको असतो, मॅडम. आणि पिलांचं म्हणाल तर ती कावळ्यानं नेली, निसर्ग आहे. घरटं दाखवलं तुमच्याच टाचणीनं. विसरलात?"

बाई मग म्हणाल्या, "विसरले नाही. म्हणून श्रावणात फेडलं. त्याच जोडीची दोन पिलं उडाली."

"काहीतरीच! अख्खा आषाढ आम्ही उंबराखाली भिजत उभे होतो. तिथं काही नव्हतं."

"नव्हतंच."

"मग होतं कुठं?"

"तुमच्या पाठीमागं, फडतरे. अख्खा आषाढ."

तेव्हा मागील रांगेत कोणी एक हसले, मग दुसरे, आणि मग ती सभा पाहुण्यांस आवरेना. पारितोषिक परत घेतले नाही, हेही लिहितो, कारण ऐसी राज्ये पारितोषिके परत घेत नाहीत. चित्र नगरपालिकेच्या भिंतीवर आजही आहे, आणि त्याखाली 'वात्सल्य' हे नाव आजही आहे, आणि ते वाचले की आमचे मस्तक आजही फिरते.

येणेप्रमाणे क्रोधीनाम संवत्सर सरले. डहाळ्या गेल्या, पिले गेली, मागाहून दोन जगली; शाल ज्याने मारिले त्यास मिळाली, खोकला जिने राखिले तिला. करंजास नवी पाने फुटली आहेत. चतुर पाण्यावर आहेत. मालतीबाई काठावर आहेत, आणि कोणीकडे पाहतात ते आम्ही सांगणार नाही. याहून कडू लिहवत नाही, आणि याहून गोड लिहिणे खोटे होईल. वाचणाराने कात्री घरी ठेवावी, इतकीच विनंती.