वर्तुळ कुठून सुरू होतं?

"जुने संदर्भ तेवढे झाडून टाक. पाचच्या आत हे बाहेर पडलंच पाहिजे," तात्या म्हणाले.

तात्या त्याच दिवशी निवृत्त होणार होते. वेबवर रेघा, गोल, रंग कसे काढायचे याची नियमावली ते एका समितीसाठी अकरा वर्षं लिहीत होते आणि पहिल्या पानावरचं आपलं नाव त्यांना खुर्चीत असतानाच पाहायचं होतं. आता एवढीही हौस माणसानं करू नये की काय? मदतीला होती ऑफिसातली सगळ्यात नवी मुलगी, धाकटी.

धाकटीनं मेलेल्या लिंक पटापट उडवल्या आणि चौदाव्या संदर्भाशी अडकली. 'तुटक रेघेच्या वर्तुळाचा पहिला तुकडा कुठून सुरू करावा, यासाठी शेजारच्या समितीची नियमावली पाहा.' तिनं ती उघडली. तिथं तात्यांच्या समितीची नियमावली पाहायला सांगितलं होतं.

"तात्या, आपण त्यांच्याकडे बोट दाखवतोय, ते आपल्याकडे. नियम कुणी लिहिलेलाच नाहीये!"

"काहीतरीच! सगळे ब्राउझर एकाच जागेपासून सुरू करतात. विचार त्यांना."

धाकटीनं फोन लावले. पहिला ब्राउझरवाला म्हणाला, "आम्ही दुसऱ्यांचं बघून केलं." दुसऱ्यानं तिसऱ्याकडे पाठवलं. तिसरा म्हणाला, "आम्ही तात्यांनाच फोन केला होता. म्हणाले, घड्याळात तीन असतात तिथून."

हे ऐकून तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मी ठोकून दिलं होतं! समोर घड्याळ होतं, तीन वाजले होते."

"मग आता बदलू या?"

"जगातली सगळी वर्तुळं फिरतील, बाई!"

साडेचारला तात्या स्वतः तोच तीनचा नियम लिहायला बसले आणि पानभर लिहून मोकळे झाले. धाकटीला त्यातलं ओ की ठो कळेना. तिनं तोच नियम तीन ओळींत लिहिला. तात्यांनी आधी नाक मुरडलं, मग दोनदा वाचला.

"सोपं लिहितेस की गं! हेच ठेव."

पाचला पाच कमी असताना नियमावली बाहेर पडली. पहिल्या पानावर नाव बघून तात्यांना भरून आलं. धाकटी मात्र ओरडलीच. संपादक म्हणून तिथं दोन नावं होती.

"तात्या, माझं कशाला? मी नुसती झाडलोट केली!"

"असू दे. सोमवारपासून लोक तुला विचारणार," तात्या पिशवी उचलत म्हणाले. "फक्त अंदाजानं काही सांगू नकोस. लोक खरंच तसं करतात गं."