बाही कशाभोवती फिरते

‘सुई रोव गं काठाशी, पाय उचल मशीनचा,
फिरव कापड सुईभोवती, कोपरा येईल नेमाचा.’

हा आवाज स्पंदनाच्या कानात सहाव्या वर्षापासून मुरलेला. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या घरात पुढच्या खोलीत सोयराबाई ब्लाऊज शिवायला बसत आणि चौकोनी गळ्याचा कोपरा आला की लेकीला मांडीशी ओढून हे गुणगुणत.

जगातली प्रत्येक वस्तू कशाभोवती तरी फिरते. कशाभोवती, हे ठरवायला माणसं लागतात आणि माणसं जमली की विभाग होतात. स्पंदना जिथे सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर लागली, त्या म्हैसूरच्या कंपनीत असे तीन विभाग होते : सरकवणे, फिरवणे आणि ताणणे. साड्यांच्या दुकानांसाठी ही कंपनी सात फुटी आरसा-पडदा बनवत होती. बाईनं समोर उभं राहावं, न शिवलेला ब्लाऊज पडद्यावर तिच्या अंगावर दिसावा, तिनं हात उचलला की बाही हाताबरोबर उचलली जावी. माहितीपत्रकात तरी तसं होतं.

पडद्यावरच्या सगळ्या चित्रांचा शून्य डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि फिरवा म्हटलं की वस्तू त्या शून्याभोवतीच फिरते. म्हणून बाही शून्यापाशी असतानाच आधी फिरवावी, मग खांद्यावर नेऊन ठेवावी. पण सरकवणे विभाग कंपनीत सर्वात जुना. त्याचे प्रमुख शरत यांच्या आधी कुणी बाहीला हात लावणं शिस्तीत बसत नव्हतं. तेव्हा बाही आधी खांद्यावर जाई, मग फिरवणेवाले तिला फिरवत, आणि ती भलामोठा फेरा घेऊन अंतराळात निघून जाई. ताणणे विभाग जे काही पडद्यावर उरलं असेल ते निष्ठेनं ताणत असे.

पहिल्या तिमाहीत एकशे चौदा बाह्या फिरवण्यात आल्या. पैकी अठ्ठ्याण्णव पडद्याबाहेर गेल्या, तेरा ग्राहकांच्या गुडघ्यावर सापडल्या, दोन छताला. एक बरोबर बसली. (तिची चौकशी चालू आहे.)

शिवाय एकदा फिरवलेलं पूर्ववत करायचं कोणत्याच विभागाच्या कामात नमूद नव्हतं. त्यामुळे बाहीनंतर काढलेलं सगळंच अकरा अंश कललं. पडद्यावरचा कंपनीचा बोधवाक्य-फलकही कलला, आणि बैठकीत सगळे मान वाकडी करून तो आदरानं वाचू लागले.

स्पंदनाला उपाय पहिल्याच आठवड्यात दिसला होता. दिसला म्हणजे ऐकू आला. तिनं बैठकीत हात वर करून तो सांगायला सुरुवात केली.

“हे कुठं शिकलीस गं?” शरत घरी मराठी बोलणाऱ्यांतले, म्हणून तिच्याशी मराठीत. “सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नको. सूचनेबरोबर संदर्भ लागतो. पुस्तक, नाहीतर कोर्स.”

स्पंदनानं हात खाली घेतला. संदर्भ मशीनवर बसलेला होता आणि कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : ‘वस्त्रनिर्मिती क्षेत्र’. (शब्द कसा ताणावा हे तिला विभागात जाण्याआधीच येत होतं.)

घरी तिनं ताट बाजूला सारलं.

“ऊट नको? जेवत का नाहीस? काय झालं गं?” सोयराबाईंनी विचारलं.

“बाही उडून जाते, आई.”

“उडते? टाचली नव्हतीस होय?”

“टाचायला परवानगी लागते.”

“अय्यो! मग शिवायला काय लागतं, कलेक्टर?” असं म्हणून त्यांनी पुढच्या ब्लाऊजला सुई लावली.

बाहीसाठी नेमलेल्या समितीनं अखेर तर्कशुद्ध मार्ग काढला. बाही कोपऱ्याभोवतीच नीट फिरते, हे सिद्ध होतं. म्हणजे दोष बाहीत नव्हता, खांदा चुकीच्या जागी होता. तेव्हा ठराव झाला, की ग्राहकानं आपला खांदा पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आणून ठेवावा. डोकं आणि अर्धा देह पडद्याबाहेर जाईल. पण बाही बिनचूक बसेल. त्यासाठी चार पायऱ्यांचं स्टूल मागवण्यात आलं. (सहनशील ग्राहकांच्या सोयीसाठी त्याला रबरी बुचं लावली होती. तीन पायांना.)

शुक्रवारी प्रात्यक्षिक. ते नीट पार पडलं तर स्पंदनाची नोकरी पक्की होणार होती आणि नीट पार पडण्यासाठी तिनं गप्प राहायचं होतं. मोठ्या दुकानाच्या मालकीण अंबुजा आल्या. वय अठ्ठावन्न, अंगावर जरीची साडी, गुडघ्याला पट्टा. संचालक वासुदेवरावांनी आदरानं स्टुलाकडे हात केला.

“अय्यो देवरे! ब्लाऊज बघायला मी यावर चढायचं?”

“फक्त चार पायऱ्या, अम्मा,” शरत म्हणाले. “खांदा कोपऱ्यात टेकवायचा, बस.”

अंबुजा एक पायरी चढल्या. दुसरी चढल्या. बूच नसलेला पाय टकटक वाजू लागला. खोलीतल्या अकरा शिकलेल्या माणसांनी मान अकरा अंश वाकडी केली, त्यामुळे स्टूल त्यांना सरळ दिसू लागलं. (वाचकांनी इथे खुशाल हसावं, फक्त आपण तो पालकाचा रकाना कसा भरला होता, ते आधी आठवून घ्यावं.)

तिसरीवर अंबुजांचा पाय लटपटला. स्पंदनानं धावत जाऊन त्यांना दोन्ही हातांनी धरलं.

“उतरा, अम्मा. कोपऱ्याभोवती कुणी बाही फिरवतं का? शून्य खांद्यावर रोवायचा, मग फिरवायचं. लिहून घ्या, शरत सर, संदर्भ : सोयराबाई, विजयनगर. ब्लाऊज शिवतात. माझी आई.”