सतरा वेळा, उलट दिशेने

लॅबताईंना त्यांचा स्वतःचा मजकूर परत भेटला तो सासूबाईंच्या फोनवर, आणि तोही परक्या माणसाच्या सहीने.

"अगं, हे ऐक," चष्मा नाकावर ओढत सासूबाई म्हणाल्या. "'किटलीच्या तळाचा पांढरा थर घासून काढू नये. एक चमचा लिंबूसत्त्व, अर्धी किटली पाणी, एक उकळी आणि वीस मिनिटे विश्रांती.' किती नेमकं लिहिलंय! खाली सही आहे, 'एक अनुभवी डॉक्टर'."

"आई, ते मी लिहिलंय. 'घरदुरुस्ती' ग्रुपवर. दीड महिना झाला."

"तू? मग घरात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ॲसिडबिसिड घरात नको."

"तेव्हा तू सांगत होतीस. हे डॉक्टर सांगताहेत."

लॅबताई बावीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत होत्या. चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की त्या आतला द्रव टाकून देत आणि बाटली ठेवणाऱ्याला शोधून काढत. इथे तर कुणीतरी त्यांची चिठ्ठी खरवडून स्वतःची चिकटवली होती. त्या चहा न पिताच कामावर गेल्या.

तिथे विभागप्रमुख सर त्यांची वाटच पाहत होते. शनिवारी विज्ञान प्रदर्शन होतं, आणि त्यातला 'घरातलं रसायन' हा तक्ता लॅबताईंनी केला होता. खाली त्यांचं नाव छापलं जाणार होतं. बावीस वर्षांत बाटल्यांवर हजारो नावं लिहिलेल्या बाईचं स्वतःचं नाव पहिल्यांदाच भिंतीवर लागणार होतं.

"मॅडम, हा मजकूर तर एका डॉक्टरांचा आहे," सर फोन पुढे करत म्हणाले. "माझ्या मेहुण्याने पाठवला."

"सर, तो माझा आहे. 'घरदुरुस्ती' ग्रुपवरून डॉक्टरांनी ढापला."

"असेल हो. पण उद्या कुणी बोट दाखवलं, तर नाक विभागाचं कापलं जाईल. आज सोमवार. शुक्रवारपर्यंत ग्रुपकडून लेखी आणा. नाहीतर तक्ता राहील, नाव काढावं लागेल."

लॅबताईंनी तडक ॲडमिनकाकांचं घर गाठलं. काका नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले होते, पण नोंदणी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"काका, ग्रुपवर टाकलेल्या मजकुराचा हक्क कुणाचा?"

"लिहिणाऱ्याचा! शंभर टक्के. त्यात दुमत नाही. मूळ संदेश दाखवा, आत्ता दाखला देतो."

"मूळ संदेश तीस दिवसांनी आपोआप पुसला गेला. ती सोय तुम्हीच लावलीत."

"फोन हलका राहतो," काका समाधानाने म्हणाले. "म्हणजे संदेश दप्तरी नाही. मग हक्क आहे, पण कशावर आहे ते सांगता येत नाही."

लॅबताई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. पाणी कुठून झिरपतंय ते कळत नसलं, तर पाण्यात थोडा रंग सोडतात आणि तो कुठे उमटतो ते पाहतात. त्यांनी तेच केलं. तोच मजकूर 'सुधारित' म्हणून ग्रुपवर पुन्हा टाकला आणि मध्ये एक ओळ घातली: 'नंतर लाकडी चमच्याने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, सतरा वेळा ढवळावे.' ही ओळ निरर्थक असून चोरी ओळखण्यासाठी आपण ती मुद्दाम घातली आहे, असं त्यांनी कागदावर लिहिलं, पाकिटावर लाख लावली आणि पाकीट सरांच्या कपाटात ठेवायला दिलं.

रंग मंगळवारी दुपारी उमटला. 'अनुभवी डॉक्टरां'चीही सुधारित आवृत्ती निघाली होती, सतरा वेळांसकट. बुधवारी तिला स्पष्टीकरण जोडलं गेलं: उलट ढवळल्याने पाण्यातला जडपणा सुटतो. गुरुवारी लॅबताईंचा नवरा ऑफिसातून आला तो हसतच.

"अभिनंदन! आमच्या कॅन्टीनमध्ये दोन गट पडलेत. सोळाला थांबलं तर चालतं का, यावरून."

"हसू नका. ज्याला ज्याला हे आलं, त्याला सांगा की खोटं आहे."

"सांगितलं. तर म्हणाले, तुझी बायको डॉक्टर आहे का?"

स्वयंपाकघरात सासूबाई किटलीवर वाकल्या होत्या.

"आई, अहो, त्या ढवळण्याला काही अर्थ नाही. ती ओळ मी उगीच घातलीय."

"बोलू नकोस, मोजणी चुकेल. चौदा. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही गं तुला. पंधरा."

शुक्रवारी सकाळी ॲडमिनकाका शिक्का घेऊन कॉलेजात हजर झाले. सरांनी लाख फोडली, कागद वाचला, पुन्हा वाचला.

"म्हणजे सतरा वेळा ढवळण्याला... काहीच अर्थ नाही?"

"काहीच नाही सर. नुसतं ठेवलं तरी थर निघतो."

"आमच्याकडे मी ढवळतो आणि ही मोजते," सर हळूच म्हणाले. "चार दिवसांत किटली आरशासारखी झालीय हो."

"ती लिंबूसत्त्वाने झाली, सर."

"तसं तुम्ही म्हणता."

काकांनी कागद उजेडाकडे धरला, लाखेचे तुकडे जुळवून पाहिले आणि खुशीत मान डोलावली. असा पक्का पुरावा ग्रुपच्या इतिहासात कुणी दिला नव्हता. त्यांनी तिथेच दाखला लिहून वाचून दाखवला.

"'सतरा वेळा ढवळावे' ही ओळ लॅबताईंची असल्याचे सीलबंद कागदावरून निर्विवाद सिद्ध होते. उरलेल्या दहा ओळी डॉक्टरांच्या नावे प्रचलित असल्याने त्यांच्याच राहतील."

"अहो काका, त्या दहाही माझ्याच आहेत! त्या होत्या म्हणून तर अकरावी घालता आली!"

"किंवा तुम्ही डॉक्टरांच्या दहा ओळींत आपली एक घुसवलीत. कागदावर तर 'मुद्दाम घातली' असंच आहे. अक्षर तुमचंच ना?"

अक्षर त्यांचंच होतं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांइतकं सुवाच्य.

"चला, नाव राहिलं!" सरांना हायसं वाटलं. "ती ओळही तक्त्यात घालू या मॅडम. लोकांना तीच माहीत आहे. ती गाळायची तर तुमचं नावही काढावं लागेल, कारण मग तक्त्यात तुमचं काहीच उरत नाही."

लॅबताईंनी तोंड उघडलं. मग छापखान्यातून आलेल्या तक्त्याच्या नमुन्यावर त्यांची नजर गेली. खाली ठळक अक्षरांत त्यांचं नाव होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी पेन काढलं आणि नमुन्यात अकरावी ओळ लिहून दिली.

शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी त्याच तक्त्यापुढे झाली. लिंबूसत्त्वाबद्दल कुणीही काही विचारलं नाही. दुपारी एक बाई कडेवरचं मूल सावरत पुढे आल्या.

"अहो, आमचे हे डावखुरे आहेत. त्यांनी कुठल्या बाजूने ढवळायचं?"

"मॅडमना विचारा," सर अभिमानाने म्हणाले. "ती ओळ त्यांचीच आहे."

सगळ्यांच्या माना लॅबताईंकडे वळल्या. बावीस वर्षांत त्यांनी कुणालाही चुकीचं प्रमाण सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा त्या बाईंकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या स्वतःच्या नावाकडे पाहिलं आणि पदराने चष्मा पुसला.

"दिशा तीच," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण डावखुऱ्यांनी अठरा वेळा."